प्रिंटर, डीव्हीआर आणि दुसरा राउटर : घरातल्या आयपी पत्त्यांची घडी बसवताना

दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास साताऱ्याहून वहिनीचा फोन ठरलेला असायचा. “भावजी, प्रिंटर पुन्हा ऑफलाइन दाखवतोय.” ती घरूनच गावातल्या दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरते, त्यामुळे २० तारखेला प्रिंटर बंद म्हणजे दिवसच गेला. प्रिंटर चालू असायचा, वाय-फायला जोडलेला असायचा, कागदही भरलेला असायचा. मी पुण्याहून सांगायचो, लॅपटॉपमधून प्रिंटर काढून टाक आणि पुन्हा जोड. तेवढ्यापुरतं काम व्हायचं आणि पुढच्या महिन्यात तोच फोन. दिवाळीत जाऊन नीट बसलो तेव्हा कळलं, की प्रिंटरमध्ये काहीच दोष नव्हता. लॅपटॉप त्याला १९२.१६८.१.७ या पत्त्यावर शोधत होता, आणि त्या पत्त्यावर तोवर दादाचा टीव्ही येऊन बसला होता.

त्या दोन दिवसांत त्या घरातल्या सगळ्या यंत्रांचे पत्ते मी एकदाचे लावून दिले. त्याच क्रमाने इथे लिहितो आहे. घरात फक्त दोन-तीन फोन आणि एखादा लॅपटॉप असेल तर यातलं काही करायची गरज नाही, राउटर आपलं काम चोख करतो. पण प्रिंटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, फायली साठवायचा एनएएस, वरच्या मजल्यावरचा दुसरा राउटर, यांपैकी काही असेल तर एक सुट्टीचा दिवस यावर घालवाच.

पत्ता येतो कुठून

घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर बोलायला एक आयपी पत्ता लागतो. तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो, याला कारण आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच होतात. ते जगाला पुरणार नाहीत हे लवकरच दिसायला लागलं, तेव्हा काही पत्ते खासगी वापरासाठी बाजूला काढले गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये आलेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात असे तीन पट्टे दिले आहेत : १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपापल्या घरात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणून तुमच्या घरी १९२.१६८.१.७ असतो आणि शेजाऱ्यांकडेही असतो, तरी दोघांचं एकमेकांशी काही अडत नाही.

हे पत्ते राउटर वाटतो. त्या वाटपाच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. यंत्र चालू झालं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, कोणी पत्ता देतं का. राउटर एक मोकळा पत्ता पुढे करतो, यंत्र तो मागून घेतं, राउटर होकार देतो. पत्ता कायमचा मिळत नाही, मुदतीने मिळतो. आपल्याकडचा ११ महिन्यांचा भाडेकरार जसा असतो तसाच हा करार, फक्त मुदत बहुधा काही तासांची किंवा एक-दोन दिवसांची. निम्मी मुदत संपली की यंत्र स्वतःहून नूतनीकरण मागतं, आणि चालू असेपर्यंत त्याला तोच पत्ता मिळत राहतो. गडबड होते ती यंत्र मुदतीहून जास्त वेळ बंद राहिलं की. वहिनीचा प्रिंटर महिन्यातून चार दिवस चालायचा. उरलेल्या दिवसांत त्याची मुदत संपायची, पत्ता मोकळा व्हायचा आणि दुसऱ्या कोणाला तरी मिळायचा.

रुमाल की आरक्षण

पत्ता पक्का करायचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतला फरक समजला की निम्मं काम झालं.

पहिला मार्ग म्हणजे यंत्राच्याच सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने लिहिणे. याला स्टॅटिक आयपी म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे राउटरला सांगून ठेवणे, की अमुक यंत्र आलं की त्याला नेहमी हाच पत्ता दे. याला राउटरच्या पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन, स्टॅटिक लीज किंवा आयपी-मॅक बाइंडिंग असं काहीतरी नाव असतं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा पहिला मार्ग. तुमच्या मते जागा तुमची झाली, पण कंडक्टरच्या तक्त्यात तिची नोंद नाही. त्याने तीच जागा दुसऱ्याला दिली की भांडण ठरलेलं. नेटवर्कवर या भांडणात दोन्ही यंत्रं मधेच चालतात, मधेच बंद पडतात, आणि कारण शोधता शोधता माणूस थकतो. दुसरा मार्ग म्हणजे रीतसर आरक्षण. तक्ता एकाच माणसाच्या हातात असतो आणि तो जागा दोनदा देत नाही.

म्हणून माझा नियम असा : जिथे शक्य आहे तिथे आरक्षण, रुमाल फक्त नाइलाजाने. यंत्रात पत्ता लिहून ठेवण्यात आणखी एक अडचण आहे. राउटर बदलला आणि नव्या राउटरचा पट्टा वेगळा निघाला, की ते यंत्र एकटं पडतं. त्याच्या सेटिंगपर्यंत पोहोचायलाही मग नेटवर्कचा रस्ता उरत नाही. आरक्षण वापरलं तर यंत्रं नव्या राउटरकडूनही निमूट पत्ता घेतात, तुम्हाला फक्त राउटरमध्ये यादी पुन्हा भरायची असते.

आधी वही

राउटरला हात लावण्याआधी कागद घ्या आणि घरात फिरा. मी साताऱ्यात फिरलो तेव्हा ९ यंत्रं निघतील असा अंदाज होता, निघाली १७. गीझरला लावलेला स्मार्ट प्लग, मुलीचा जुना टॅब, दाराची बेल, सगळ्यांना पत्ता लागतो.

प्रत्येक यंत्रासाठी चार गोष्टी लिहा : नाव, जागा, आत्ताचा पत्ता आणि मॅक अ‍ॅड्रेस. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे यंत्राच्या नेटवर्क भागाला कारखान्यात मिळालेली ओळख. त्यात १२ अक्षरं असतात, ० ते ९ आणि ए ते एफ यांतली, दोन-दोनच्या जोड्या करून लिहिलेली. आरक्षण याच ओळखीवर बांधलं जातं, त्यामुळे एक अक्षर चुकलं तरी ते लागू होत नाही.

तो सापडतो कुठे? प्रिंटरवर माहितीचं किंवा वाय-फायचं बटण दाबलं की बहुतेक मॉडेल नेटवर्कचं एक पान छापून देतात, त्यावर असतो. डीव्हीआरमध्ये नेटवर्क किंवा टीसीपी-आयपीच्या मेनूत दिसतो. टीव्हीत सेटिंग्जमधल्या नेटवर्क स्थितीच्या पानावर. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी ही अक्षरं सलग टाइप करायची, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ए-एल-एल. जे पान येतं त्यात फिजिकल अ‍ॅड्रेस या ओळीत तो असतो. त्याच पानावर डिफॉल्ट गेटवे या ओळीत राउटरचा पत्ताही मिळतो, तोही वहीत घ्या.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ज्या यंत्राला वायर आणि वाय-फाय दोन्ही लागतं त्याचे मॅक अ‍ॅड्रेस दोन असतात. प्रिंटर वाय-फायवर चालत असेल आणि तुम्ही वायरचा मॅक वहीत उतरवला, तर आरक्षण बिनकामाचं. दोन, फोन. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक लपवून प्रत्येक वाय-फायसाठी एक वेगळाच तयार करतात. बाहेर कोणी आपला माग काढू नये म्हणून ही चांगली सोय आहे. घरात मात्र ते वाय-फाय फोनला विसरायला लावून पुन्हा जोडलं की हा बनावट मॅक बदलू शकतो. तो ओळखायचीही खूण आहे : मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक बनावट. फोनला पक्का पत्ता द्यायची गरज क्वचितच पडते. पडलीच तर फोनमध्ये फक्त घरच्या वाय-फायपुरता खरा मॅक वापरायचा पर्याय निवडा. अँड्रॉइडवर त्या वाय-फायच्या प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये तो मिळतो, आयफोनवर प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस या नावाखाली. बाहेरच्या वाय-फायसाठी ती सोय चालूच राहू द्या.

राउटरच्या आत

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत गेटवेचा पत्ता टाका. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायचे. जिओफायबरच्या डब्यावर हा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, शाओमीच्या राउटरवर १९२.१६८.३१.१, इतर बऱ्याच राउटरांवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. नाव आणि पासवर्ड बहुधा डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. तो अजून तसाच असेल तर हीच वेळ आहे, आधी पासवर्ड बदला आणि वहीत लिहा. राउटरच्या आतला पासवर्ड वेगळा आणि वाय-फायचा वेगळा, हे घरातल्यांना एकदा समजावून सांगा.

आता लॅन (म्हणजे घरातलं जाळं) किंवा डीएचसीपी नावाचं पान शोधा. त्यावर पत्ते वाटण्याचा पट्टा दिलेला असतो, पत्त्याचा शेवटचा आकडा बहुधा २ पासून २५४ पर्यंत. म्हणजे राउटर स्वतः १ वर बसतो आणि उरलेली सगळी जागा वाटायला मोकळी. हा पट्टा आखडून १०० ते १९९ करा. घरात १०० फोन आणि पाहुणे एकाच वेळी येणार नाहीत. आता २ ते ९९ हा भाग तुमच्या हातात आला, तिथे राउटर आपणहून कोणाला बसवणार नाही.

त्या भागाची मी अशी विभागणी करतो. १ राउटरचा, २ ते ९ नेटवर्कच्याच यंत्रांचे, म्हणजे दुसरा राउटर किंवा स्विच (एका वायरीवर अनेक यंत्रं जोडायचा डबा). १० ते १९ प्रिंटर आणि एनएएस. २० ते ३९ डीव्हीआर आणि कॅमेरे. ४० ते ५९ टीव्ही आणि मनोरंजन. ६० पासून पुढे प्लग, दिवे, बेल. आकडे कोणतेही घ्या, पण गट पाडा. सहा महिन्यांनी राउटरच्या यादीत २२ दिसला की तो कॅमेराच असणार हे न आठवता कळतं.

मुदतीचा आकडाही याच पानावर असतो. काही राउटर तो मिनिटांत विचारतात, काही सेकंदांत, त्यामुळे टाकण्याआधी एकक बघा. एक दिवस म्हणजे १४४० मिनिटं किंवा ८६,४०० सेकंद. घराला एक दिवस पुरतो. मिनिटांच्या राउटरवर चुकून ८६,४०० टाकले तर करार ६० दिवसांचा होतो. मग येऊन गेलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनची जागा दोन महिने अडून राहते.

आरक्षण करताना

हे काम सरळ आहे. आरक्षणाच्या पानावर नवी नोंद करा, मॅक भरा, पत्ता भरा, नाव द्या, सेव्ह करा. बरेच राउटर जोडलेल्या यंत्रांच्या यादीतूनच निवडू देतात. ती सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे मॅक हाताने टाइप करावा लागत नाही. त्या यादीत काही नावं अनोळखी दिसतील. ईएसपी आणि पुढे सहा अक्षरं असं नाव असेल तर तो बहुधा स्मार्ट प्लग किंवा दिवा असतो, कारण त्यांत एस्प्रेसिफ कंपनीची चिप असते. नाव ओळखू येत नसेल तर एकेक यंत्र बंद करून यादीतून कोण गेलं ते बघा. वेळ लागतो, पण खात्री होते.

काही राउटर पट्ट्याबाहेरचं आरक्षण स्वीकारत नाहीत, चूक दाखवतात. मग हट्ट धरू नका, पट्टा १० ते १९९ करून आरक्षणं त्याच्या आत करा. आरक्षित केलेला पत्ता राउटर दुसऱ्याला देत नाही. फक्त हाताने लिहिलेले स्टॅटिक पत्ते कधीही पट्ट्याच्या आत ठेवू नका, रुमालाचं भांडण तिथेच होतं.

नोंद केल्यावर यंत्र लगेच हलत नाही, आधीचा करार चालू असतो. ते यंत्र बंद करून चालू करा. लॅपटॉपला वाय-फाय बंद-चालू केलेलं बहुतेक पुरतं. मग राउटरच्या यादीत नवा पत्ता आला का ते बघूनच वहीत खूण करा.

प्रिंटरचं एक काम अजून राहतं, आणि ते राहिलं की लोक म्हणतात आरक्षण करूनही काही फरक पडला नाही. लॅपटॉपमध्ये प्रिंटर जुन्या पत्त्यावर नोंदलेला असतो. विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या टॅबवर जा, नवा स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट तयार करा आणि त्यात आरक्षित पत्ता लिहा. वहिनीच्या प्रिंटरला मी १० दिला. त्यानंतर २० तारखेचा तो फोन आलेला नाही.

स्टॅटिक कधी लिहावा

राउटरला स्वतःला स्टॅटिक लागतोच, दुसरा राउटर आणि व्यवस्थापनाची सोय असलेला स्विच यांनाही तो दिलेला बरा. काही जुने डीव्हीआर डीएचसीपीवर नीट वागत नाहीत, त्यांनाही. लिहिताना चार खाने भरायचे असतात. पत्ता, वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा. सबनेट मास्क, म्हणजे घरचं जाळं केवढं ते सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता. आणि डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा, तिथेही राउटरचाच पत्ता किंवा ८.८.८.८.

डीव्हीआर बसवणारे मेकॅनिक पत्ता आणि मास्क भरून निघून जातात, गेटवे आणि डीएनएस चुकीचे राहतात. याचं लक्षण ठरलेलं असतं : घरी असताना फोनवर कॅमेरे दिसतात, घराबाहेर पडलं की अ‍ॅप ऑफलाइन म्हणतं. घरातल्या घरात बोलायला गेटवे लागत नाही, बाहेर जायला लागतो. नवा डीव्हीआर घ्यायच्या आधी हे दोन खाने उघडून बघा.

कॅमेऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट. हिकव्हिजनचे आयपी कॅमेरे कारखान्यातून १९२.१६८.१.६४ या पत्त्यावर आणि दाहुआचे १९२.१६८.१.१०८ वर येतात. एकाच कंपनीचे चार नवे कॅमेरे एकदम जोडले तर चौघांचा पत्ता एकच. म्हणून एकेक कॅमेरा जोडा, त्याचा पत्ता बदला, मग पुढचा. शिवाय १०८ हा आकडा आपल्या १०० ते १९९ च्या पट्ट्यात येतो, त्यामुळे कॅमेरा जोडण्याआधी तो पत्ता कोणाला गेला आहे का ते राउटरच्या यादीत बघा. आणि तुमचं घर १९२.१६८.२९ च्या पट्ट्यावर असेल तर हे कॅमेरे आधी दिसणारच नाहीत. कंपनीचं शोधायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवून किंवा लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० असा पत्ता देऊन त्यांच्यापर्यंत पोहोचावं लागतं. कॅमेऱ्याचा पत्ता बदलला की लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर आणायला विसरू नका.

दुसरा राउटर

सगळ्यांत जास्त घोळ मी इथे पाहिला आहे. खालच्या मजल्यावर इंटरनेट कंपनीचा डबा, वर रेंज येत नाही, म्हणून बाजारातून एक राउटर आणला आणि वायर ओढून जोडला. वर नेट सुरू झालं, सगळे खूश. पण आता घरात पत्ते वाटणारे दोघे झाले.

वायर दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या खाचेत) लावली असेल, तर वर एक वेगळंच घर तयार झालेलं असतं. वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सापडत नाही, वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येत नाही. त्यातच दोन्ही राउटरांचा पट्टा १९२.१६८.१ असेल तर वरच्या राउटरला आत आणि बाहेर यांतला फरकच कळत नाही, आणि नेटही चालत नाही. वायर लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांच्या खाचेत) लावली असेल आणि डीएचसीपी चालू ठेवलं असेल तर आणखी वाईट. दोन कंडक्टर एकाच गाडीत आपापले तक्ते घेऊन फिरतात. कोणाला कोणाकडून पत्ता मिळेल याचा नेम नाही, चुकीच्या राउटरकडून मिळाला तर नेट बंद. हा दोष मधूनमधून दिसतो, म्हणून लोक इंटरनेट कंपनीला फोन करत बसतात.

उपाय असा. राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, बाकीचं राउटर स्वतः करतो. नसेल तर हाताने, याच क्रमाने : दुसरा राउटर मुख्य जाळ्यापासून वेगळा ठेवून फक्त लॅपटॉपला वायरने जोडा. त्याच्या लॅनच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे मुख्य राउटरचेच ठेवा आणि शेवटचा वेगळा, वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा करा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. राउटर पुन्हा सुरू झाला की याच नव्या पत्त्यावर आत शिरा. त्याचं डीएचसीपी बंद करा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवा. शेवटी खालून आलेली वायर त्याच्या वॅनमध्ये नाही, तर लॅन पोर्टमध्ये लावा. आता संपूर्ण घर एक झालं आणि आरक्षणं वरच्या मजल्यावरही लागू झाली. डीएचसीपी आधी बंद केलं आणि पत्ता बदलायचा राहिला, तर आत शिरणं अवघड होतं, लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो. म्हणून क्रम पाळा.

वायरऐवजी रिपीटर लावला असेल तर एक लक्षात ठेवा. काही रिपीटर त्यांच्यामागच्या यंत्रांचा मॅक बदलून मुख्य राउटरला दाखवतात. आरक्षण बरोबर करूनही यंत्र भलताच पत्ता घेत असेल तर राउटरच्या यादीत त्याचा मॅक कोणता दिसतो ते बघा आणि त्यावर आरक्षण करा.

वीज गेल्यावर

वीज येते तेव्हा सगळी यंत्रं एकदम जागी होतात. प्रिंटर अर्ध्या मिनिटात तयार होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. प्रिंटर पत्ता मागतो, उत्तर येत नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. हा आकडा कुठेही दिसला तर अर्थ एकच : या यंत्राला पत्ता देणारं कोणी भेटलं नाही. विंडोजचा लॅपटॉप दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारत राहतो, काही प्रिंटर आणि डीव्हीआर मात्र तसेच अडकून पडतात. बंद-चालू केलं की सुटतात. पण खरा उपाय म्हणजे राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर घेणे. आधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, सगळे १२ चेच असतात असं नाही.

वीज जाण्याचा आणखी एक परिणाम होतो. बऱ्याच घरगुती राउटरांमधली कोणाला काय दिलं ही यादी बंद पडल्यावर पुसली जाते. इन्व्हर्टरवरचा लॅपटॉप जुना पत्ता धरून बसलेला असतो आणि राउटर कोऱ्या तक्त्यानिशी वाटप सुरू करतो. आरक्षणं मात्र पुसली जात नाहीत.

भांडण शोधायची रीत

एखादं यंत्र मधेच चालतं, मधेच बंद पडतं आणि दोघांनी एकच पत्ता घेतल्याचा संशय आहे. मग संशयित यंत्र पूर्ण बंद करा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पी-आय-एन-जी टाइप करून एक जागा सोडून त्याचा पत्ता टाका. यंत्र बंद असूनही उत्तर आलं, तर तिथे दुसरं कोणीतरी बसलं आहे. लगेच ए-आर-पी, एक जागा, उणे चिन्ह आणि त्याला लागून ए, असं टाइप करा. पत्ते आणि त्यांच्यासमोर मॅक अशी यादी येते. त्या पत्त्यासमोरचा मॅक वहीशी ताडून बघा. वहीत नसेल तर मॅकच्या पहिल्या सहा अक्षरांवरून यंत्र बनवणारी कंपनी इंटरनेटवर शोधता येते, आणि कंपनी कळली की घरातलं ते यंत्र सहसा आठवतं. काही यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत, तरी ए-आर-पीच्या यादीत त्यांचा मॅक येतो, म्हणून ही दुसरी पायरी वगळू नका.

घराबाहेरून पोहोचायचं असेल तर

लोक विचारतात, पक्का पत्ता दिला तर ऑफिसातून घरचा डीव्हीआर थेट उघडता येईल का. हा पत्ता घराच्या आतलाच आहे, बाहेरून तो दिसत नाही. त्यातच अनेक इंटरनेट कंपन्या आता घरांनाही स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. राउटरच्या वॅनच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता दिसला तर तुम्ही अशाच जाळ्यामागे आहात, आणि राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचा दरवाजा) उघडूनही बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही. कंपनीकडून पैसे भरून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेता येतो (त्यालाही स्टॅटिक आयपीच म्हणतात), पण तो घेऊन डीव्हीआरचा पोर्ट जगासाठी उघडा करू नका. कारखान्यातला पासवर्ड असलेले कॅमेरे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. कॅमेरा कंपनीचं अ‍ॅप किंवा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आपल्या जाळ्यात शिरायचा सुरक्षित रस्ता, वापरा.

व्हीपीएनवरून आठवलं. ऑफिसचं जाळंही १९२.१६८.१ च्याच पट्ट्यावर असेल तर घरून व्हीपीएन लावूनही तिथला सर्व्हर सापडत नाही, लॅपटॉप त्याला घरातच शोधत बसतो. अशा वेळी घराचा पट्टा बदलून १९२.१६८.५० करावा. आरक्षणं सुरू करण्याआधीच हे करा, नाहीतर सगळी यादी दोनदा लिहावी लागते.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीचे लांबलचक पत्ते राउटरच्या यादीत दिसले तर ते तसेच राहू द्या. प्रिंटर आणि डीव्हीआरचं काम चौथ्या आवृत्तीवर भागतं, सहावी बंद करून काही सुधारत नाही.

डबा बदलला त्या दिवशी

कंपनीचा माणूस नवा राउटर लावून जातो तेव्हा सगळी आरक्षणं जुन्या डब्याबरोबर जातात. जुन्या राउटरमधून बॅकअपची फाइल काढून ठेवली असली तरी ती वेगळ्या मॉडेलवर चढत नाही, म्हणून वही. नवा डबा आला की आधी त्याचा लॅनचा पट्टा जुन्यासारखा करा, म्हणजे स्टॅटिक लिहिलेली यंत्रं जागच्या जागी चालतील. मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर जुनाच ठेवा, म्हणजे प्लग आणि दिवे पुन्हा जोडत बसावं लागणार नाही. त्यानंतर वाटपाचा पट्टा, मग आरक्षणं, आणि शेवटी सगळी यंत्रं एकदा बंद-चालू.

साताऱ्याच्या घरी ही यादी राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. गेल्या पावसाळ्यात तिथला राउटर जळला आणि नवा आला, तेव्हा दादाने ती बघून एकट्याने सगळं पुन्हा भरलं. फक्त डीव्हीआर बाहेरून दिसेना म्हणून रात्री त्याने फोन केला. डीव्हीआरच्या गेटवेच्या खान्यात मी स्वतः जे लिहिलं होतं ते यादीत उतरवायचं राहिलं होतं. नव्या डब्याचा पत्ता १ ऐवजी २५४ होता, तो १ केल्यावर कॅमेरे दिसायला लागले. आता त्या यादीत गेटवेसाठी वेगळा खाना आहे.